मात्रा किती आणि किती दिवसांनी?

भोपाळहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर राणी कमलापती स्थानक (२०२१ पर्यंत ह्यालाच हबीबगंज म्हणत) मागे पडले की मिसरोद लागते. एके काळचे हे खेडे आता भोपाळ महापालिकेच्या हद्दीत आले आहे, आणि त्याच्या पुढच्या स्थानकावर, मंडीदीपला, कारखान्यांची मोठी वसाहत आहे. तेथे नोकरीस असलेल्या आणि मिसरोदला बिऱ्हाड केलेल्या आमच्या एका वाचकाने आम्हांस पत्र लिहिले आहे. पत्र लांबलचक आहे, त्याचा सारांश एवढाच: “करोनाच्या वेळी मला दुसरी सुई प्रथम एका महिन्याने सांगितली, मग दीड-दोन महिन्यांनी, मग तीन महिन्यांनी. थोरल्या मुलाला मात्र ती अठ्ठाविसाव्या दिवशी मिळाली. मुलीला दहाव्या वर्षी शाळेत एक सुई टोचली. तीच आता सोळाव्या वर्षी पुन्हा घ्यावी म्हणतात. कर्करोगाच्या लशीविषयी खाजगी दवाखान्यात विचारले तर दोन सुया सांगतात. शाळेतल्या बाई म्हणतात, आता एकच पुरते. सरकारला तरी हे नक्की ठाऊक आहे काय?”

पत्र मिसरोदचे असले तरी प्रश्न आपल्या गावागावांतील आहे. रविवारच्या मिस्सानंतर मंदिराच्या पायरीवर उभ्या राहणाऱ्या मातापित्यांच्या तोंडून तो आम्ही ऐकला आहे, आणि तो विचारणाऱ्यांना अडाणी ठरविण्याची जी रीत काही शिकल्यासवरल्या मंडळींत आहे, ती आम्हांस मुळीच पसंत नाही. ज्याच्या लेकराच्या दंडात सुई जावयाची त्याने ‘किती’ आणि ‘केव्हा’ हे विचारलेच पाहिजे.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या दंडावर देवी टोचल्याचे व्रण आहेत. देवीची लस आपल्या देशात प्रथम मुंबईत १८०२ साली टोचण्यात आली, आणि लहानपणी ती एकदा अंगी लागली की बहुतेकांचे काम झाले, अशी समजूत पिढ्यान्पिढ्या रुजली. ‘लस म्हणजे एकदाच’ हा जो ठसा आपल्या मनावर आहे तो तेथून आला. पुढे आलेल्या बहुतेक लशी मात्र तशा नाहीत. त्यांतील पुष्कळशा मेलेल्या जंतूंच्या किंवा जंतूंच्या केवळ एखाद्या तुकड्याच्या केलेल्या असतात. शरीर पहिल्या मात्रेने शत्रूचे तोंड ओळखते. त्याला धडा शिकविण्याची तयारी होण्यास काही आठवडे जातात. आणि ती तयारी होत आली असता दुसरी मात्रा मिळाली की स्मरण पक्के होते. शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. पेरल्यानंतर साधारण एकविसाव्या दिवशी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, गव्हाला पहिले पाणी द्यावयाचे असते. तेच पाणी पाचव्या दिवशी दिले तर वाया जाते आणि फार उशिरा दिले तर फुटवा गेलेला असतो. लशीच्या दोन मात्रांतील अंतराचेही असेच आहे. भेद एवढाच, की पीक वाट पाहत असता गावात चोर फिरत नसतात, आणि लेकराचे शरीर वाट पाहत असता रोग मात्र फिरत असतो. म्हणून अंतर लांबविण्यात लाभ असला तरी त्या मधल्या काळात लेकरू अर्धवट संरक्षणावर राहते. सरकारी वेळापत्रकातील प्रत्येक आकडा ह्या दोहोंच्या ओढाताणीतून निघालेला असतो.

गोवराचेच पाहा. पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर का? आईच्या रक्तातून बाळाला मिळालेली प्रतिकारशक्ती पहिले काही महिने त्याचे रक्षण करते, आणि तीच शक्ती लशीलाही निष्प्रभ करते. फार लवकर टोचावे तर लस फुकट जाते. फार थांबावे तर गोवर आधी गाठतो. नऊ महिने हा ह्यातून काढलेला मध्य होय. परंतु २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांतून गोवराची साथ पसरली तेव्हा, जेथे नऊ महिन्यांखालील बाळेही मोठ्या प्रमाणात आजारी पडत होती तेथे, सहाव्या महिन्यापासून एक जादा मात्रा द्यावी असे केंद्र सरकारने सुचविले. ती नेहमीच्या मात्रांत मोजावयाची नव्हती. नवव्या महिन्याची आणि दीड-दोन वर्षांच्या सुमाराची अशा दोन्ही मात्रा पुन्हा द्यावयाच्याच होत्या. नियम बदलला, पण मनाला येईल तसा बदलला नाही. चोर दारापर्यंत आला होता, म्हणून बदलला.

मिसरोदच्या मुलीला दहाव्या वर्षी टोचली ती टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प ह्या दोन रोगांवरील लस. बाळपणी दीड, अडीच व साडेतीन महिन्यांच्या वयाला, मग दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान आणि पुन्हा पाच-सहा वर्षांच्या वयाला घेतलेल्या मात्रांचे स्मरण हळूहळू विरत जाते, म्हणून दहाव्या आणि सोळाव्या वर्षी ते उजळावयाचे असते. पूर्वी ह्या वयाला केवळ धनुर्वाताची, आपण ‘टीटी’ म्हणतो ती, सुई देत असत. लहानपणी लस घेतलेली मुले मोठी झाल्यावर घटसर्पाला बळी पडू लागली, म्हणून २०१९ च्या सुमारास तिच्या जागी टीडी आली. ही मुलांनाही हवी, मुलींनाही हवी. सोळाव्या वर्षी लेकरू पुष्कळदा शाळा सोडून शेतावर, कारखान्यात किंवा दूरच्या महाविद्यालयात गेलेले असते, आणि शाळेत येणारे आरोग्यपथक त्याला भेटत नाही. आमच्या पाहण्यात दहाव्या वर्षाची मात्रा सहसा चुकत नाही, सोळाव्याची चुकते. घटसर्पाने गळा धरलेले लेकरू ज्यांनी पाहिले आहे अशी माणसे गावात आता थोडी उरली आहेत, आणि ही मात्रा किरकोळ वाटू लागण्याचे तेही एक कारण असावे.

आता करोनाच्या मात्रांकडे वळू, कारण लोकांच्या मनातील अविश्वासाचे मूळ बव्हंशी तेथे आहे.

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले तेव्हा कोविशील्डच्या दोन मात्रांत चार ते सहा आठवड्यांचे अंतर होते. मार्चमध्ये ते सहा ते आठ आठवड्यांवर नेण्यात आले. १३ मे रोजी ते बारा ते सोळा आठवडे झाले. ह्याला आधार होता: ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी त्या वर्षी फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, सहा आठवड्यांच्या आत दुसरी मात्रा घेतलेल्यांत लशीचा गुण ५५ टक्के दिसला होता, तर बारा किंवा अधिक आठवडे थांबलेल्यांत तो ८१ टक्के दिसला होता. परंतु त्याच दिवसांत दुसरी लाट शिगेला पोहोचली होती, १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली केली होती, आणि केंद्रांवर ‘लस संपली’ असे फलक लागत होते. लशीचा तुटवडा झाकण्यासाठी अंतर वाढविले, असे टीकाकार म्हणाले. सरकार म्हणाले, केवळ शास्त्रावरून वाढविले. आमच्या मते दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते. हाती शंभर मात्रा असता पन्नास जणांना दोन-दोन द्याव्या की शंभरांना एक-एक, हा प्रश्न कोणत्याही प्रामाणिक कारभाऱ्यापुढे उभा राहणारच. तो तसाच मोकळेपणाने लोकांपुढे ठेवला असता तर मिसरोदचे पत्र कदाचित लिहिलेच गेले नसते.

हा प्रश्न किती अवघड होता हे एका योगायोगावरून कळेल. भारताने अंतर वाढविले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे २०२१ रोजी, ब्रिटनने पन्नाशीच्या पुढील लोकांसाठी ते बारा आठवड्यांवरून आठ आठवड्यांवर आणले. आपल्याकडे प्रथम आढळलेला विषाणूचा नवा प्रकार तेथे पसरू लागला होता, आणि त्याच्यापुढे एक मात्रा तोकडी पडेल अशी त्यांना भीती होती. पुढे मार्च २०२२ मध्ये आपल्याकडील तज्ज्ञ समितीनेही आठ ते सोळा आठवड्यांची शिफारस केली.

तरुणांना ह्याची झळ वेगळ्याच रीतीने लागली. परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांची दुसरी मात्रा ऑगस्टनंतर येत होती आणि विमान त्याआधी सुटत होते. जून २०२१ मध्ये सरकारने विद्यार्थी, परदेशी नोकरीस जाणारे आणि टोकियोच्या ऑलिंपिकला जाणारे खेळाडू ह्यांना अठ्ठावीस दिवसांनंतर दुसरी मात्रा घेण्याची मुभा दिली. ही मुभा शास्त्राने नव्हे, गरजेने दिली होती.

मुलांचे लसीकरण त्यानंतर आले. २५ डिसेंबर २०२१ च्या रात्री, आपण सारे नाताळाच्या आनंदात असता, पंतप्रधानांनी पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस देण्याची घोषणा केली, आणि ३ जानेवारी २०२२ पासून शाळाशाळांतून ती सुरू झाली. त्यांना केवळ कोव्हॅक्सिन द्यावयाची होती. ह्या लशीत मारलेला विषाणू असतो. तिच्या दोन मात्रांत पहिल्यापासून चार ते सहा आठवड्यांचेच अंतर होते. पत्रलेखकाच्या थोरल्या मुलाला अठ्ठाविसाव्या दिवशी बोलावले ते ह्यामुळे. बापाची लस निराळी आणि मुलाची निराळी, तर अंतरही निराळे. त्यात घोळ नव्हता. १६ मार्च २०२२ पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना हैदराबादेत तयार झालेली कॉर्बेव्हॅक्स मिळू लागली, तीही अठ्ठावीस दिवसांच्या अंतराने.

येथवरचे सारे एका अर्थी सोपे होते. पत्रातील शेवटचा प्रश्न, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस एकदा की दोनदा, हा खरा महत्त्वाचा; कारण त्याचे उत्तर आपल्याच मुलींनी, आपल्या बार्शीच्या आणि पुण्याच्या मुलींनी, अजाणता दिले आहे. ती हकीकत गावात फारशी कोणास ठाऊक नाही, म्हणून ती सविस्तर सांगतो.

हा कर्करोग एका विषाणूमुळे होतो. त्याला एचपीव्ही म्हणतात. जागतिक अंदाजानुसार २०२२ ह्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग जडला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयातील डॉक्टरांचा आणि ह्या रोगाचा सामना जुना आहे. त्यांच्याच भागीदारीने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील खेड्यांत १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. तिशी ते साठीच्या दरम्यान आयुष्यात एकदा जरी ह्या विषाणूची तपासणी केली तरी ह्या रोगाचे मृत्यू बरेच घटतात, हे त्याने २००९ साली जगाला दाखवून दिले. लुगड्याच्या पदराने तोंड झाकून तपासणीला आलेल्या मराठवाड्यातील त्या मायमाउलींचे ऋण जगातील वैद्यकावर आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन ह्यांच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दुसरे काम हाती घेतले. त्या काळी ही लस तीन मात्रांत देत: पहिल्या दिवशी, साठाव्या दिवशी आणि एकशेऐंशीव्या दिवशी. तीन सुया गरीब देशांना परवडत नव्हत्या. दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी दहा ते अठरा वर्षांच्या वीस हजार अविवाहित मुलींचे दोन गट करावयाचे ठरले: एका गटास तीन मात्रा, दुसऱ्यास सहा महिन्यांच्या अंतराने दोन. बार्शी आणि पुणे येथे, तसेच अहमदाबाद, हैदराबाद, मिझोराम आणि तमिळनाडूतील अंबिलिक्कै येथे मुलींची नोंद सुरू झाली. ह्यांतील मिझोराम हा ख्रिस्ती बहुसंख्य प्रांत, आणि अंबिलिक्कैचे केंद्र ख्रिस्ती सेवासंस्थेचे, हे आमच्या वाचकांना कळावे म्हणून सांगतो.

ह्याच सुमारास आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत एका परदेशी संस्थेमार्फत ह्याच लशीचा एक निराळाच प्रकल्प चालू होता. त्यात लस घेतलेल्या सात मुली पुढे मरण पावल्याचे उघडकीस आले आणि देशभर गदारोळ उठला. एप्रिल २०१० मध्ये सरकारने ह्या लशीचे सर्वच अभ्यास थांबविले. बार्शी-पुण्याचा अभ्यास खम्ममच्या प्रकल्पाशी संबंधित नसतानाही त्याच आज्ञेत सापडला. त्या दिवसापर्यंत १७,७२९ मुलींना किमान एक सुई टोचून झाली होती. ज्यांच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या सुईची तारीख अजून यावयाची होती, त्यांना ती मिळालीच नाही.

मोजणी केली तेव्हा चार गट निघाले. ४,३४८ मुलींच्या तीन मात्रा पूर्ण झाल्या होत्या. ४,९७९ मुलींच्या सहा महिन्यांच्या अंतराने दोन झाल्या होत्या. ३,४५२ मुलींना दोन महिन्यांच्या अंतराने दोन मिळून तिसरी राहिली होती. आणि ४,९५० मुलींना एकच मात्रा मिळाली होती. ह्या शेवटच्या गटाची योजना कोणीही केली नव्हती. मुलींना मुद्दाम एकच मात्रा देऊन पाहावे, असे कोणी सुचविले असते तर त्या काळी कोणतीही नीतिसमिती त्याला मान्यता देती ना.

संशोधकांपुढे दोन वाटा होत्या: काम मोडले म्हणून वह्या मिटवाव्या, किंवा प्रत्येक मुलीचा माग ठेवावा. त्यांनी दुसरी धरली. मुली मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, त्या सासरी गेल्या. लग्नानंतर अठरा महिन्यांनी किंवा पहिल्या बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ह्यांत जे आधी येईल तेव्हा, त्यांची तपासणी करावयाची असा नेम ठरला. मुलगी सासरी गेल्यावर तिचा पत्ता काढणे, सासूला पटविणे, पुन्हा नमुना घेणे, हे काम गावोगावच्या आरोग्यसेविकांनी कसे केले असेल ह्याची कल्पना आपल्या गृहिणींना आम्ही करून द्यावयास नको.

सरासरी नऊ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. कर्करोगास मुख्यत्वे कारण होणाऱ्या दोन प्रकारांच्या विषाणूंचा ठाण मांडून बसणारा संसर्ग रोखण्यात तीन मात्रांचा गुण ९३.३ टक्के, दोन मात्रांचा ९३.१ टक्के आणि एका मात्रेचा ९५.४ टक्के निघाला. म्हणजे व्यवहारात तिन्ही सारखेच. कोणी म्हणेल, ह्या मुलींचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, अपघाताने पडले होते. मग ह्यावर विश्वास किती ठेवावा? आक्षेप रास्त आहे. म्हणूनच केनयात २,२७५ तरुणींवर रीतसर चिठ्ठ्या टाकून एका मात्रेची परीक्षा घेण्यात आली, आणि २०२२ मध्ये तिचाही निकाल तसाच आला. त्या वर्षी डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने आपले मत बदलले: नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक किंवा दोन मात्रा चालतील, एकवीस वर्षांपुढील स्त्रियांना सहा महिन्यांच्या अंतराने दोन, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती रोगाने वा औषधांनी क्षीण झाली आहे त्यांना किमान दोन, शक्य तर तीन. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन २०२३ साली मुलांमुलींसाठी एका मात्रेवर आले.

तेव्हा मिसरोदच्या दवाखान्यातील डॉक्टर खोटे बोलत नव्हते आणि शाळेतल्या बाईही चुकल्या नव्हत्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेली सर्वाव्हॅक ही लस २०२३ मध्ये बाजारात आली. तिला मिळालेला परवाना नऊ ते चौदा वर्षांसाठी सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रांचा आणि पंधरा ते सव्वीस वर्षांसाठी तीन मात्रांचा आहे. खाजगी डॉक्टर परवान्यावरील आकडा सांगतात. सार्वजनिक कार्यक्रम आखणारे मात्र बार्शी-पुण्याचा आणि केनयाचा पुरावा पाहतात, कारण एका मुलीच्या दोन मात्रांत दोन मुलींचे रक्षण होणार असेल तर तसे करणे त्यांना भाग आहे. सिक्कीमने २०१८ साली शाळांतून नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ही लस दिली तेव्हा ती दोन मात्रांत दिली होती. त्या वेळचे ज्ञान तेवढे होते. आपल्या देशाच्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात घ्यावी अशी शिफारस केली, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकी भाषणात अर्थमंत्र्यांनी नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचे जाहीर केले.

वय नऊ ते चौदाच का, असे काही माता संकोचाने विचारतात. ह्या वयात शरीर लशीला उत्तम प्रतिसाद देते, हे एक. आणि हा विषाणू वैवाहिक संबंधातून पोहोचत असल्यामुळे लस त्याच्या फार आधी पोहोचावी लागते, हे दुसरे. “आमच्या सुशील मुलीला ह्याची काय गरज?” हा प्रश्न आम्ही ऐकला आहे. मुलीच्या शीलाचा येथे काही संबंध नाही. आयुष्यभर पतिनिष्ठ राहिलेल्या स्त्रीलाही हा विषाणू पतीकडून मिळू शकतो, आणि पतीला तो आपल्यापाशी असल्याचे बहुधा ठाऊकही नसते.

ख्रिस्ती मनाला पडणारी दुसरी शंका ही, की ही लस गर्भाच्या पेशींपासून केलेली तर नाही? बार्शी-पुण्यात वापरलेली लस पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या जातीत तयार होते, आणि सर्वाव्हॅकही यीस्टचीच आहे. तेव्हा ही शंका येथे उद्भवत नाही. कोविशील्डच्या बाबतीत ती उद्भवली होती, कारण तिच्या निर्मितीत फार पूर्वी एका गर्भापासून निघालेल्या पेशींची वंशावळ वापरतात. त्यावर व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्तविषयक मंडळाने २१ डिसेंबर २०२० रोजी स्पष्ट केले, की दुसरी निर्दोष लस उपलब्ध नसेल तर अशी लस घेण्यात नैतिक बाधा नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेण्याला प्रेमाचे कृत्य म्हटले होते. मंडळाच्या त्याच निवेदनात आणखी एक वाक्य आहे व ते सहसा सांगितले जात नाही: लस घेणे हे स्वेच्छेचे असावे.

स्वेच्छेची ही गोष्ट आम्हांस मात्रांच्या संख्येइतकीच महत्त्वाची वाटते. खम्ममच्या प्रकरणाची सरकारने चौकशी केली तेव्हा त्या सात मृत्यूंचा लशीशी संबंध असण्याचा संभव समितीला दिसला नाही. परंतु दुसरी एक लाजिरवाणी गोष्ट दिसली. कितीतरी मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. आदिवासी मातापित्यांना कोणी विचारलेच नव्हते. २०१३ साली संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. भोपाळमध्येच २०२० च्या अखेरीस कोव्हॅक्सिनची चाचणी चालू असता गरीब वस्तीतील काही लोकांनी तक्रार केली, की ही चाचणी आहे असे आपणांस सांगितलेच नाही, साडेसातशे रुपये मिळतील एवढेच सांगितले. संबंधितांनी हा आरोप नाकारला. खरे-खोटे काहीही असो, ज्या शहराने १९८४ ची वायूची रात्र पाहिली आहे त्या शहरातील गरिबांना कोणतीही गोष्ट समजावून सांगितल्यावाचून करू नये, एवढे तारतम्य सर्वांनीच ठेवावयास हवे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणावरही लशीची सक्ती करता येणार नाही असा निर्णय दिला. त्याच निर्णयात मुलांच्या लसीकरणाचे सरकारी धोरण जागतिक तज्ज्ञांच्या मताला धरून आहे, असेही म्हटले.

म्हणून शाळेतून संमतिपत्र घरी आले तर ते लेकराच्या हाती तसेच सही करून परत धाडू नये. लशीचे नाव, किती मात्रा, पुढची केव्हा, हे त्यावर आहे काय ते पाहावे. नसेल तर शिक्षकांना किंवा आशाताईंना विचारावे. विचारून, समजून मग सही करावी. पण अमक्या गावात अमकी मुलगी आजारी पडली अशा भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या निरोपावरून सही नाकारू नये. ह्या वयाच्या मुलींना सुईच्या भीतीने कधीकधी भोवळ येते, म्हणून टोचल्यावर पंधरा मिनिटे बसवून ठेवतात. ती भोवळ लशीचे विष नव्हे. मुलगी त्या दिवशी तापाने आजारी असेल तर बरी झाल्यावर न्यावी. आणि लस घेतलेल्या मुलीनेही पुढे तिशीनंतर तपासणी करून घ्यावयाची आहेच, कारण लस ह्या रोगाच्या सर्वच प्रकारच्या विषाणूंना अडवीत नाही. आज तिशी ओलांडलेल्या तिच्या आईसाठी तर तपासणी हाच मार्ग आहे.

शेवटी तारीख चुकलेल्यांविषयी. कामासाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत, आणि आपल्यात अशी कुटुंबे पुष्कळ आहेत, दुसरी मात्रा एका राज्यात आणि पहिली दुसऱ्या राज्यात अशी स्थिती नित्याची आहे. दोन मात्रांत ठरल्याहून अधिक काळ गेला तर पहिली वाया गेली असे समजून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याची बहुतेक लशींच्या बाबतीत गरज नसते. राहिलेली तेवढी घ्यावी. ठरल्यापेक्षा आधी मात्र घेऊ नये. ह्यासाठी बाळपणीचे लसीकरण-पत्र जपून ठेवावे लागते. बाप्तिस्म्याचा दाखला आपण पेटीच्या तळाशी कापडात गुंडाळून ठेवतो. त्याच घडीत हे पत्रही ठेवावे, आणि मिसरोदला असो की मंडीदीपला, बिऱ्हाड हलविताना ते बरोबर न्यावे. सोळाव्या वर्षाच्या टीडीची तारीख त्यावर आजच पेन्सिलीने लिहून ठेवता येईल.